तिसरी ओळ

डिंकाचे लाडू वळायला बसलं की बोलायचं नाही, हा सुधाबाईंच्या घरातला जुना शिरस्ता. बोलणाऱ्या बाईचे हात मंदावतात, तेवढ्यात पाक आळतो आणि लाडवांऐवजी भुगा पदरात पडतो. शुक्रवारी दुपारी हा शिरस्ता त्यांच्याच लेकीने, तेजश्रीने मोडला.

"आई, चिडणार नसशील तर पाळणा म्हणून दाखवते."

सुधाबाईंनी मान वर केली नाही. "मी कशाला चिडू? बाळाची आत्या तू. नाव तू ठेवायचं, पाळणा तू म्हणायचा. आम्ही आपल्या घुगऱ्या वाटू."

"बघ. चिडलीच आहेस."

चिडल्या तर होत्याच. दसऱ्यापासून मायलेकींचं धड बोलणं नव्हतं. या घराण्यात मूल जन्मलं की त्याच्या आत्याने त्याच्यासाठी नवा पाळणा जुळवायचा, ही रीत. बोल दर वेळी नवे, चाल मात्र एकच. ती सुधाबाईंच्या सासूबाईंची, कुसाबाईंची. सायखेड्याच्या घरात जेवढी बारशी झाली तेवढी त्या चालीवर झाली. तेजश्रीचं झालं, तिच्या पाठच्या आल्हादचं झालं. आता आल्हादच्या घरी किती वर्षांनी पाळणा हलला, आणि तेजश्रीने आपट्याची पानं हातावर ठेवता ठेवता सांगून टाकलं होतं, की घरची चाल मी म्हणणार नाही. "ऐकली की घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं गं. आनंदाचं कार्य आहे, जरा उठावाचं काही घेऊ दे ना."

कुणी गेल्यासारखं! सुधाबाईंना ते शब्द दातात अडकलेल्या बडीशेपेसारखे सलत होते. कुसाबाई फार तुटक बाई. सुनेची कधी स्तुती नाही, पाठीवर हात नाही. एवढंच झालं होतं, की तेजश्रीच्या वेळी सुधाबाई बाजेवर पडल्या होत्या, खोलीत शेगडीचा आणि ओव्याचा धूर कोंडला होता, पोर रडून लाल झालं होतं, आणि सासूबाईंनी बाजेच्या कडेला बसून त्यांना ती चाल शिकवली होती. "खाली उतर," त्या म्हणत होत्या, "तिसऱ्या ओळीला खाली उतर. पोर झोपवायचंय, उठवायचं नाय." सासूबाईंकडून सुधाबाईंच्या वाट्याला काय आलं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी पाटल्या सांगितल्या नसत्या. ही चाल सांगितली असती. आता इंदिरानगरच्या या रो-हाउसमध्ये ती म्हणणारी एकटी त्याच उरल्या होत्या, आणि त्यांचा आवाज तर कधीचाच फाटला होता.

"म्हण," त्या म्हणाल्या.

तेजश्रीने हात धुतले, ओट्यावर बोटांनी ताल धरला आणि खांदे उडवत सुरू केलं.

दारी आली पाहुणी, हिचे इवले इवले पाय,
वाळे वाजती छुमछुम, हिला नाव ठेवू काय,
गोदेकाठची पोर बाई, नाव ठेवू काय…

बोल बरे होते. ताल नवा, गरब्यात वाजावा तसा. पण तिसऱ्या ओळीला तेजश्रीचा आवाज हळूच खाली आला. घाटाच्या पायऱ्या उतरता उतरता पाण्याला पाय लागावेत तसा. सुधाबाईंच्या मुठीतला लाडू मुठीतच राहिला.

"पुन्हा म्हण."

तेजश्रीने पुन्हा म्हटलं.

"कुठली चाल म्हणालीस?"

"कोरियाची. आपल्या मृण्मयीचे ते पाच जण नाहीत का, रंगीत केसांचे? त्यांचं नवीन गाणं. अर्धं कोरियन, अर्धं इंग्रजी, मध्येच आपल्यासारखा ढोल. अमेरिकेतसुद्धा पहिल्या नंबरावर होतं. हल्ली रिक्षातही तेच लावतात."

"तेजू," सुधाबाई म्हणाल्या, "ही आपली चाल आहे."

"काहीतरीच."

"मी पोरं झोपवलीत त्या चालीवर. तू सांगू नकोस मला." आणि त्यांनी बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो! पेपर ठेवा आणि इकडे या."

गोविंदराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती, की त्यांच्या हाताखालचे लोकही आता निवृत्त झाले होते. पण हाक आली की धरणाचा दरवाजा उघडायला निघाल्यासारखे उठायचे. नातीच्या, तेजश्रीच्या मृण्मयीच्या, त्या पाच गायकांना ते 'पांडव' म्हणत. लेणी सोडून कोरियात गेलेले पांडव. "गाणं लावलंय की मिक्सर?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

तेजश्रीने त्यांनाही म्हणून दाखवलं. ते चष्मा काढून ऐकत राहिले.

"ही तर आईची," ते म्हणाले. "हे त्या पांडवांनी म्हटलंय?"

"हो बाबा. थांबा, लावतेच." तेजश्रीने फोन डब्याएवढ्या स्पीकरला जोडला आणि गाणं लावलं. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. पाच जण एकदम गात होते, ढोल वाजत होता, आणि तेजश्रीला गाणं लागलं की गप्प बसवत नसे. टाळ्या वाजवत, तोंडाने मराठी बोल घालत तीही त्यांच्याबरोबर गाऊ लागली. तिसरी ओळ आली आणि गोविंदरावांनी ओट्यावर थाप मारली.

"चोर! शुद्ध चोर!"

"हळू," जिन्यावरून आल्हादचा आवाज आला. "बाळ आत्ता झोपलंय, आणि पूजापण."

"अरे, तुझ्या आजीची चाल कोरियाने चोरली आणि तू झोपेचं काय सांगतोस?"

आल्हाद बाळ-बाळंतिणीला वर सोडून खाली आला, तेव्हाच दारात जावई उभे राहिले. विश्वेशराव वकील, तेजश्रीला न्यायला आलेले. सासरे-जावयांचं गेल्या दिवाळीपासून फाटलं होतं. 'बाबा, ती स्कूटर आता भंगारात द्या', एवढंच काय ते जावई बोलून गेले होते. तेव्हापासून गोविंदराव त्यांच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत. आज मात्र त्यांनी स्वतःच्या शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"या, विश्वेशराव. बसा. तुमच्यासारखा माणूस हवाच होता. कोरियाला नोटीस काढायची आहे."

विश्वेशराव आधी हसले. पण सासऱ्यांनी इतक्या महिन्यांनी खुर्ची दिली होती, ती सोडवेना. "काढू की. प्रकरण काय?"

प्रकरण ऐकल्यावर त्यांनी लाडू उचलला, अर्धा खाल्ला. "गंमत म्हणजे या गाण्यावरून इंटरनेटवर आधीच जुंपलीये. तुर्कस्तानचे लोक म्हणतात आमच्या लग्नातलं, ब्राझीलचे म्हणतात आमचं, पंजाबवाले म्हणतात ढोल तर आमचाच. आपला नंबर चौथा."

"आपला पहिला," गोविंदराव म्हणाले.

"बरं, पहिला. चाल कुणाच्या नावावर?"

"आमच्या आईच्या."

"त्या हयात नाहीत. वारस?"

"मी, आणि माझी थोरली बहीण अक्का."

"पुरावा?"

"पुरावा म्हणजे?" गोविंदरावांनी बायकोकडे हात केला. "ही बसलीये की!"

एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याला काय काय म्हटलं, त्यात 'पुरावा' हे सर्वांत बरं, असं सुधाबाईंना वाटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि सासूबाईंनी चाल कशी रचली ते सांगितलं. म्हणजे त्यांच्या मनात ते जसं होतं तसं. सायखेड्याची नदी, पहाटेची वेळ, पाणी आणताना सासूबाईंना सुचलेली. हे त्यांनी इतक्या बारशांत, इतक्या बायकांना सांगितलं होतं, की आता त्यात त्यांना नदीचा आवाजसुद्धा ऐकू यायचा.

"पण मग ती कोरियात गेली कशी?" आल्हादने विचारलं.

"त्यात काय," गोविंदराव म्हणाले. "लेण्यांमध्ये बुद्धाच्या दर्शनाला तिकडचे लोक येतात की नाही? आला असेल एखादा फिरत फिरत सायखेड्याला. ऐकली, आवडली, नेली."

"सायखेड्याला कशाला येईल तो, बाबा? कांदे घ्यायला?"

आल्हादने फोन तोंडाजवळ धरून चाल गुणगुणली. कोणतंही गाणं ओळखून देणारं काहीतरी त्यात होतं. फोनने बराच विचार केला आणि तीन उत्तरं दिली. एक तुर्की पाळणा, एक व्यायामाचं संगीत आणि एक पक्ष्याचा आवाज.

"पक्षी!" तेजश्री हसत सुटली. मग आईचा चेहरा बघून थांबली, पण तिला राहवलं नाही. "आई, खरं सांगू? चोर चोर म्हणताना आपण जरा जपून म्हणावं. तुमचं भजनी मंडळ मागच्या एकादशीला अभंग कशावर म्हणत होतं? सिनेमात ती हिरोईन झाडाभोवती भिजत नाचते, त्या गाण्यावर."

"ते देवासाठी असतं."

"म्हणजे देवाला चालतं, कोरियाला चालत नाही."

विश्वेशरावांना ठसका लागला. जावई आता कुणाच्या बाजूचे, हे बघायला गोविंदराव वळले, आणि जावयांनी घाईघाईने उरलेला लाडू तोंडात टाकला.

ह्या गडबडीतच गेटशी गाडी थांबली, आणि सगळे बाहेरच्या खोलीत आले. चुलत पुतण्याने, योगेशने, अक्काबाईंना सायखेड्याहून आणून सोडलं होतं. द्राक्षांची छाटणी चालू असल्यामुळे तो दारातूनच मागे फिरला. अक्काबाई गोविंदरावांच्या थोरल्या. कमरेत वाकलेल्या, पण पिशवी कुणाला धरू देत नव्हत्या. टेकल्या, पाणी प्यायल्या, चहा मागितला आणि म्हणाल्या, "समदे असे का बसलेत? बारसं हाय का पंचाईत?"

"अक्का, तू बरी आलीस," गोविंदराव म्हणाले. "साक्ष द्यायची आहे. तेजू, म्हण गं."

तेजश्रीने म्हटलं. अक्काबाईंनी डोळे मिटून मान हलवली, तिसऱ्या ओळीला तर बोटांनी मांडीवर ठेकाही धरला.

"ग्वाड म्हनती. आपली चाल."

"ऐकलंत?" गोविंदराव जावयाला म्हणाले. "आता सांग अक्का, ही चाल कुणी रचली?"

"म्हंजी?"

"आईने ना?"

"आयनं?" अक्काबाईंनी डोळे उघडले. "आयनं कशाला रचंल? ती तर मोटारीची."

आत चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहा तेवढा उकळत होता.

"कसली मोटार, वन्सं?" सुधाबाईंनी विचारलं.

"चहावाल्याची. बाजाराच्या दिशी यायची. तवा आपल्याकडं चहा कोन प्यायचं? बाया तर नायच. तर त्ये लोक फुकाट कप-कप चहा पाजायचे, अन् वर भोंगा लावून चहाचं गानं म्हनायचे. लय गर्दी. आय मला हाताला धरून न्यायची, अन् ह्यो गोईंदा कडंवर. ह्येला त्या भोंग्याचं भ्या वाटायचं. गानं तिसऱ्या बारीला असं वर चढायचं," अक्काबाईंनी हात छताकडे नेला, "की ह्यो बोंबलायचा. समदा बाजार बघायचा आमच्याकडं."

आल्हादने वडिलांकडे पाहिलं. गोविंदराव चष्मा पुसत होते.

"मंग घरी येऊन आय त्येच गानं म्हनायला लागली. पन तिथनं वर नाय गेली. खाली उतरिवलं. म्हनली, वर गेलं की माझं पोरगं दचकतंय. तवापासनं तसंच."

"म्हणजे," विश्वेशराव हळूच म्हणाले, "नोटीस काढायच्या आधी चहावाल्यांची नोटीस आपल्यालाच येते की काय ते बघायला हवं."

सगळे हसले. गोविंदरावही, थोड्या उशिराने. सुधाबाई मात्र उठल्या आणि पाक बघायला म्हणून आत गेल्या. पाक केव्हाच दगड झाला होता.

चहाची जाहिरात! त्या परातीतला भुगा उगाच चिवडत राहिल्या. नदी, पहाट, डोईवरची घागर, सगळं त्यांनी स्वतःच लावलेलं. सासूबाईंनी कधी सांगितलं होतं का तसं? आठवून आठवून बघितलं. 'ही चाल कुठली?' असं त्यांनी एकदा विचारलं होतं खरं. 'कुठली म्हंजी? आपली,' एवढंच उत्तर आलं होतं. बाकीची नदी सुधाबाईंनी आणून सोडली होती.

अक्काबाई भिंतीला धरत आत आल्या आणि पाटावर बसल्या.

"वन्सं, इतकी वर्षं तुम्ही हे बोलला नाहीत."

"तू कधी इचारलंस? तू सांगत व्हतीस, मी ऐकत व्हते. नदीचं लय झ्याक सांगायचीस."

"मग आज तरी कशाला सांगितलंत?"

"आज गोईंदानं साक्ष मागितली ना. साक्षीत खोटं कसं बोलू?" अक्काबाईंनी भुग्यातला मोठासा तुकडा उचलून तोंडात टाकला. "चांगला झालाय. लाडू नाय, पन चांगला झालाय."

सुधाबाईंना हसू आलं नाही. पण यायला फार वेळ लागेल असंही वाटलं नाही.

तेवढ्यात बाहेर नवा गोंधळ उठला. मृण्मयी क्लासहून आली होती, आणि पायातले बूट काढायच्या आत आजोबांनी तिच्या पांडवांना चोर ठरवल्याचं तिला कळलं होतं. पोरगी दहावीतली. एरवी शब्दाला शब्द देणारी नव्हे, पण त्या पाच जणांचा विषय निघाला की तिच्या अंगात येई.

"आजोबा, त्यांना चोर नाही म्हणायचं! ते स्वतः लिहितात गाणी. माझ्या मुलांबद्दल मी ऐकून घेणार नाही."

"तुझी मुलं?" गोविंदराव म्हणाले. "एक बारसं करताना आमची ही अवस्था झालीये, त्यात आणखी पाच?"

"बाबा, चिडवू नका तिला," तेजश्री म्हणाली. "हे बघ मनू, कुणी चोर नाही. पण चाल सेम आहे, हे तर मीही मान्य केलं आता. ऐक." आणि तिने म्हणून दाखवलं.

मृण्मयीच्या कपाळावर आठी पडली. "आई, हे काय म्हणतेयस तू?"

"तुमचंच गाणं."

"नाहीये. पहिल्या दोन ओळी जवळपास आहेत. तिसरी अशी नाहीच."

"अशीच आहे. तू ऐकतेस तेव्हा मीही ऐकतेच की स्वयंपाकघरातून."

"तू ऐकत नाहीस. तू गातेस!" मृण्मयीने बॅग टाकली आणि फोन हातात घेतला. "सगळ्यांनी ऐका. आणि आई, तू तोंडावर हात ठेव. नाही, दोन्ही हात."

तेजश्रीने खरंच दोन्ही हात तोंडावर ठेवले. सुधाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या मागून अक्काबाई. गाणं सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी आली, आणि ते पाच आवाज एकदम वर चढले, पतंगाला ढील मिळावी तसे, आणि तिथेच वर तरंगत राहिले.

मृण्मयीने गाणं थांबवलं.

"हां!" अक्काबाई टाळी देत म्हणाल्या. "ही बग मोटार! अशीच वर जायची!"

त्यावर जो हशा झाला, तो वर पूजाला ऐकू गेला आणि बाळही जागं झालं. "म्हणजे चोरी आहेच!" असं गोविंदराव ओरडत होते. "आपली नसली म्हणून काय झालं, चहावाल्यांची आहे!" विश्वेशराव त्यांना समजावत होते, की परक्याच्या बांधावरून आपल्याला भांडता येत नाही. मृण्मयी म्हणत होती, की वर तर जगातली निम्मी गाणी जातात, त्यात कसली आली चोरी. आणि ह्या सगळ्यात तेजश्री एकटी तोंडावरचे हात न काढता उभी होती.

"मी मग इतके दिवस काय म्हणत होते?" तिने शेवटी विचारलं.

सुधाबाईंनी लेकीकडे पाहिलं. घरातलं कुणी गेल्यासारखं वाटणारी चाल ती बया खांदे उडवत, टाळ्या वाजवत, दिवाळीची साफसफाई करताना, डबे भरताना गात बसली होती, आणि स्वतःला कोरियन समजत होती.

"आमच्या पोरीला चोरीसुद्धा धड जमत नाही," गोविंदराव म्हणाले, आणि सुधाबाईंना एवढं हसू लोटलं, की त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मृण्मयीने आईला बाजूला घेतलं. "आई, मी व्हिडिओ करणार आहे. माझ्या सगळ्या मैत्रिणी बघतील. चुकीचं म्हणालीस तर मी घरी येणार नाही. दोन दिवस आहेत, मी शिकवते तुला."

"हो बाई. शिकव," तेजश्री म्हणाली, आणि आईकडे चोरून बघितलं.

सुधाबाई परातीकडे वळल्या. 'राहू दे, अशीच म्हण', असं म्हणायला काय लागत होतं? लेकीने ऐकलंही असतं, आजच्या दिवसात तर नक्कीच. पण मग ती आईच्या भिडेखातर म्हटलेली चाल झाली असती. भिडेखातर म्हटलेले पाळणे सुधाबाईंनी फार ऐकले होते. त्यांनी भुग्यात चमचाभर तूप घातलं, परात पुन्हा गॅसवर ठेवली आणि घट्ट झालेला गूळ पातळ होतो का ते बघत बसल्या.

रविवारी सकाळी घर सायखेड्याच्या आणि शेजारच्या बायकांनी भरलं. पूजाचं माहेर येवल्याचं. तिची आई सगुणाबाई बाळलेणी, कुंची आणि पैठणीच्या तुकड्याचं दुपटं घेऊन आल्या होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून ह्या हातातून त्या हातात जाऊ लागला आणि बायकांनी 'गोविंद घ्या' म्हणताच बाहेरून गोविंदराव 'आलो, आलो' ओरडले. हा विनोद ते प्रत्येक बारशाला करत, आणि प्रत्येक बारशाला बायका हसत.

तेजश्रीने वाकून बाळाच्या कानात 'केतकी' म्हटलं. वाकलेल्या पाठीवर धपाट्यांचा पाऊस पडला. त्यात सुधाबाईंचाही एक होता, दसऱ्याची बाकी चुकती करणारा. मग सगळ्या शांत झाल्या. मृण्मयीने फोन उंच धरला.

दारी आली पाहुणी, हिचे इवले इवले पाय…

सुधाबाई पाळण्याची दोरी धरून बसल्या होत्या. दुसरी ओळ झाली. तिसरी आली आणि तेजश्रीचा आवाज वर गेला. अगदी बरोबर, न डगमगता, पतंग चढावा तसा. मृण्मयीने फोनच्या मागून अंगठा दाखवला. गाणं खरंच छान वाटलं. ते कबूल न करणं सुधाबाईंना जमलं नाही. त्यांनी सगळ्यांबरोबर टाळी वाजवली, आणि खाली उतरणारी तिसरी ओळ मनातल्या मनात म्हणून घेतली.

पण पाळण्याची एक गोष्ट असते. पहिलं कडवं आत्याचं, पुढचं सगळ्यांचं. दुसऱ्या कडव्याला सायखेड्याच्या बायकांनी आवाज मिसळला. बोल त्यांना पाठ नव्हते, पण 'नाव ठेवू काय' एवढं हाताला लागलं होतं. तिसरी ओळ येताच तेजश्री वर चढली, आणि अक्काबाईंसकट ती सगळी पंगतच्या पंगत, कुणी न सांगता, खाली उतरली. घटकाभर दोन्ही चाली हवेत होत्या. तेजश्री वर एकटी. ती थबकली, तिने खाली पाहिलं, आणि हसू दाबत दाबत तीही पायऱ्या उतरून सगळ्यांत आली.

शेवटच्या कडव्याला तर मृण्मयीही गुणगुणत होती. फोन अजून वरच धरलेला होता. आपण कुणीकडे चाललोय याचं तिला भान नसावं. सुधाबाईंनी ते पाहिलं आणि दोरीला जरा मोठा झोका दिला.

घुगऱ्या वाटून झाल्यावर सगुणाबाई शेजारी येऊन बसल्या. "विहीणबाई, चाल फार गोड आहे हो. कुठली?"

आल्हाद, तेजश्री, विश्वेशराव, सगळ्यांचे कान इकडे लागले. गोविंदराव तर दारात येऊन उभेच राहिले.

"आपली," सुधाबाई म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी आणखी काही सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि मग नदी तिच्या जागी राहू दिली.

"आमच्या धाकटीचं बाळंतपण आलंय," सगुणाबाई संकोचून म्हणाल्या. "येवल्याला तिच्या बारशाला ही चाल आम्ही घेतली तर… चालेल का?"

परवा याच चालीसाठी कोरियाला नोटीस निघत होती. सुधाबाईंनी क्षणभर पाळण्याकडे बघितलं.

"घ्या की," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना राहवेना. "पण आधी माझ्यासमोर एकदा म्हणून दाखवा. नाहीतर न्याल आणि भलतीकडेच चढवाल."

सगुणाबाईंनी घसा साफ केला आणि सुरू केलं. पहिल्याच ओळीच्या शेवटी त्यांनी आवाजाला एक हेलकावा दिला. तो कुसाबाईंचा नव्हता, तेजश्रीचा नव्हता, आणि कोरियाचा तर नव्हताच. सुधाबाईंनी दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

हेलकावा चांगला होता.